रविवारची दोन पातेली

आमच्या घरात मटणातली नळी कोणाच्या ताटात पडायची, हा निर्णय माझा असे. रविवारी सकाळी धुळ्याच्या बाजारातून मटण आणायचे, दुपारपर्यंत शिजवायचे आणि वाढायचेही आपणच, असा माझा लग्नापासूनचा शिरस्ता आहे. आठवड्याचे उरलेले सहा दिवस स्वयंपाकघर आईचे आणि बायकोचे; तिथे माझी मजल लसूण सोलण्यापलीकडे जात नाही. पण खान्देशातल्या पुष्कळ घरांत मटण हे घरच्या पुरुषाने करायचे काम मानतात, आणि खरे सांगायचे तर त्या एका दिवसाचे कौतुक त्याला रोज राबणाऱ्या बायकांहून कितीतरी अधिक मिळते. पातेल्यात पळी फिरवून नळी शोधायची आणि ती लेकीच्या ताटात ठेवायची. ती दोनदा ताटाच्या काठावर आपटत असे, फुंकर घालत असे आणि ओठ लावून आतला मगज ओढत असे. तो आवाज ऐकण्यासाठीच मी एवढा खटाटोप करत होतो असे म्हटले तरी चालेल. मगज अडला की ती नळी माझ्याकडे सरकवत असे, मी चमच्याच्या दांड्याने तो काढून तिच्या भाकरीवर ठेवत असे. माझ्या वडिलांनी माझ्यासाठी हेच केले होते.

२०२४ च्या जानेवारीतल्या एका रविवारी तिने नळी बोटाने ताटाच्या कडेला सारली आणि बाजरीची भाकरी कांद्याशी आणि मिठाशी खाल्ली. तेव्हा ती आठवीत होती, तेरा वर्षांची. पोट बिघडले असेल असे मला वाटले. पुढच्या रविवारी तेच झाले, आणि त्याच्या पुढच्या रविवारी मी पळी उचलण्याआधीच ती म्हणाली, "पप्पा, मला नको. रस्सापण नको." मी पळी तशीच हातात धरून बसलो. आई ताटावरून मान वर न करता म्हणाली, "मंग पोर काय खाई?"

हा प्रश्न पुढची दोन वर्षे आमच्या घरात फिरत राहिला आहे, त्यामुळे तो अहिराणीत जसा विचारला गेला तसाच इथे ठेवतो.

प्रकरण रविवारपुरते नाही, हे आम्हांला धाकट्याकडून कळले. त्याच्या आधीच्याच नोव्हेंबरात सरकारने शालेय पोषण आहारात आठवड्यातून एकदा अंडे द्यायचे ठरवले होते आणि अंडे न खाणाऱ्यांना केळे. दोघेही एकाच शाळेत होते. शाळेत त्या दिवशी दोन रांगा लागत, आणि धाकट्याने घरी येऊन एखादी चहाडी सांगावी तसे सांगितले की ताई आता केळ्याच्या रांगेत उभी राहते. केळ्याच्या मुलखात केळ्याचे कोणाला काय अप्रूप असणार! शेजारच्या जळगाव जिल्ह्यातून केळी गाडीने दिल्लीपर्यंत जातात. त्यामुळे पोर केळ्याच्या लोभाने रांग बदलणार नाही, एवढे तर उघड होते. (त्या अंड्यांचा निधीही सरकारने २०२५ च्या जानेवारीत थांबवला, पण तोपर्यंत ती नववीत गेली होती आणि पोषण आहार आठवीपर्यंतच असतो.)

मग कारणाचा शोध सुरू झाला. बायकोला वाटले की वर्गातल्या एखाद्या मैत्रिणीच्या घरचा हा परिणाम आहे, कारण लेकीच्या डब्यावरून एकदा कोणीतरी नाक मुरडल्याचे तिच्या कानावर आले होते. मला मोबाईलवरच्या चित्रफितींचा संशय होता. आईचा संशय सर्वांत जुना होता: तिच्या माहेरी एक आत्या मुक्ताईनगरच्या वारीला जाऊ लागली, तिने गळ्यात माळ घातली आणि नंतर भावांच्या घरचे पाणीदेखील भांडे घासून घेतल्याशिवाय प्यायली नाही. "आमी खातंस म्हनीसन आमी काय राक्षस शेतंस का?" असे ती लेकीला म्हणाली, आणि लेक रडू लागली, कारण राक्षसाचा विचार तिच्या मनातही नव्हता. कारण विचारले की ती एवढेच म्हणत असे, "नको वाटतं." तेरा वर्षांच्या मुलीला इतर अनेक गोष्टी नको वाटतात आणि त्यांचे कारण आपण मागत नाही, इथे मात्र आम्ही तीन मोठी माणसे कारणावाचून ऐकायला तयार नव्हतो.

मला जे झोंबले त्याचे मूळ तिच्यात नव्हते, हे आता लिहिताना मान्य करतो. १९९८ साली मी शिकायला पुण्यात होतो आणि खोली शोधत होतो. एका घरमालकिणीने भाडे, अनामत, नळाची वेळ असे सगळे सांगून झाल्यावर विचारले, "तुमच्यात नॉनव्हेज खातात का?" त्या प्रश्नात फक्त खाण्याविषयी विचारलेले नसते, हे महाराष्ट्रात कोणाला समजावून सांगावे लागत नाही. मी "नाही" म्हणालो आणि दोन वर्षे त्या खोलीत राहिलो. महिन्यातून दोनदा खाणावळीत मटण खाऊन परतताना कोपऱ्यावरच्या पानपट्टीवर बडीशेप घेत असे आणि ती चावून संपेपर्यंत जिना चढत नसे. तो जिना मी घरी कधीच सांगितला नव्हता. त्यामुळे लेक जेव्हा म्हणाली, "माझी भाजी वेगळ्या पातेल्यात करा, ती पळी त्यात घालू नका," तेव्हा मी तिच्यावर जो आवाज चढवला तो ऐकून घरातले सगळे चकित झाले. "आपल्याच घरात सोवळं पाळायचं का?" असे मी ओरडलो होतो. पातेले वेगळे मागणारी पोर पातेल्यापलीकडे काही मागत नव्हती, हे समजायला मला बराच वेळ लागला. आपल्याकडे न खाणे हे खाण्याच्या वरच्या पायरीवर बसवून ठेवले आहे. त्यामुळे खाणाऱ्या घरातल्या मुलाने साधे "नको" म्हटले, तरी आईबापांना तो आपल्या पायरीविषयीचा शेरा वाटतो.

आईने मधला मार्ग काढला होता. "रस्सा खाय, फोडी काढी देस," असे ती दर रविवारी म्हणत असे, आणि आमच्या पिढीला हा मार्ग पटण्यासारखाच होता, कारण आजारपणात आम्हांला तसेच वाढले गेले होते. लेकीला तो पटला नाही. मग काही महिने ती रविवारी दही-भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि कच्चा कांदा यांवर भागवत राहिली आणि आम्ही तिच्यासमोर बसून मटण ओरपत राहिलो. त्या काळातले एकही जेवण मला चवीने आठवत नाही. बायको एकदा सरळ म्हणाली, "रविवारी दोन भाज्या मी करायच्या आणि नाव तुमच्या मटणाचं व्हायचं, हे मला जमणार नाही. तुमची लेक आहे, तुमचा रविवार आहे, तुम्ही बघा." ती रागावून बोलली नव्हती, म्हणूनच त्यावर मला उत्तर सुचले नाही.

भीती मात्र सगळ्यांना खरी होती. वाढीचे वय, पाळी नुकतीच सुरू झालेली, आणि त्यात मटण, कोंबडी, मासे, अंडी सगळे बंद. मी तिला घेऊन डॉक्टरीणबाईंकडे गेलो आणि तक्रारीच्या सुरात सगळे सांगितले. त्यांनी आधीचे कागद मागितले. दोन महिन्यांपूर्वी ती सायकलवरून पडून डाव्या हाताचे हाड मोडले होते, तेव्हाच्या तपासणीचा कागद फायलीत होता. त्यात हिमोग्लोबिन १०.४ होते, आणि या वयाच्या मुलीला ते किमान १२ हवे. बाईंनी कागद माझ्याकडे फिरवला आणि विचारले, "हे मटण खात असतानाचंच आहे ना?" मी तारखा पुन्हा पाहिल्या, तसेच होते. त्या म्हणाल्या की आठवड्यातून एकदा चार फोडी खाऊन रक्त वाढत असते तर त्यांच्याकडे निम्म्या मुली आल्याच नसत्या. २०१९ ते २०२१ मध्ये झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ५९ टक्के मुलींच्या रक्तात हिमोग्लोबिनची कमतरता आढळली होती, आणि त्या सगळ्या काही शाकाहारी नव्हत्या.

मी सहकारी बँकेत कारकून आहे. आकडे समोर आले की मला जरा बरे वाटते. घरी येऊन कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मी हिशेब मांडला. तिच्या वयाच्या मुलीला दिवसाला सुमारे ४३ ग्रॅम प्रथिने लागतात. तीन भाकऱ्यांची १३, दोन वाट्या घट्ट वरणाची १३, दोन पेले दुधाची १३ आणि मूठभर शेंगदाण्यांची ७ धरली तर बेरीज ४६ वर जाते, तीही पनीर किंवा सोयाबीन न आणता. कळण्याची भाकरी असेल तर आणखी बरे, कारण ज्वारीबरोबर साल असलेले उडीद दळले जातात, आणि ज्वारीत जे प्रथिनघटक कमी असतात ते उडदात असतात. आमच्या आज्यांनी हे कोणत्या हिशेबाने जुळवले असेल कोण जाणे. बहुधा वांग्याच्या भरताशी ती भाकरी चांगली लागते एवढ्याच हिशेबाने. त्याच रात्री मी दुसरीही एक बेरीज केली. वर्षाचे रविवार ५२. त्यातून श्रावणाचे चार-पाच, नवरात्र, पितृपक्ष, रविवारी येणाऱ्या एकादशा आणि चतुर्थ्या, आखाजीला (अक्षय तृतीयेला) पुरण, नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाईचे रोट, शिवाय महिनाअखेरीस खिशात नसलेले पैसे वजा केले तर चाळीसच उरतात. पाहुणे आणि जत्रा धरून पन्नास म्हणू. म्हणजे ज्या घराला मी छाती पुढे काढून मटण खाणारे घर म्हणत होतो, ते वर्षातले तीनशेहून अधिक दिवस लेकीच्याच पंगतीला जेवत होते.

लोहाचा हिशेब मात्र इतका सोपा नव्हता आणि तो मी बाईंकडूनच नीट समजून घेतला. तिला दिवसाला ३० मिलिग्रॅमच्या आसपास लोह हवे. शंभर ग्रॅम बाजरीत ते सुमारे ६ मिलिग्रॅम असते आणि तेवढ्याच मटणात दोन-अडीच. पण मटणातले शरीर सहज उचलते, धान्या-भाजीतले फार थोडे. त्याला आंबटाची सोबत लागते. म्हणून वरणावर लिंबू पिळायचे, मेथीच्या भाजीबरोबर टोमॅटो किंवा पेरू खायचा, आणि जेवणाला लागून चहा अजिबात घ्यायचा नाही, कारण चहा ते लोह अडवून धरतो. आमच्याकडे चहा-भाकरी हा सकाळचा सर्वमान्य नाश्ता आहे. आईला हे सांगणे म्हणजे सूर्य पश्चिमेला उगवतो असे सांगण्यासारखे होते. शाळेत दर सोमवारी मिळणारी लोहाची निळी गोळी लेक मळमळते म्हणून वहीच्या पानात गुंडाळून फेकत होती, हेही त्याच वेळी उघडकीस आले. रिकाम्या पोटी न घेता डब्यानंतर घेतली तर फारसे मळमळत नाही, एवढी साधी गोष्ट तिला कोणी सांगितली नव्हती. बी-१२ या जीवनसत्त्वाचे तर वनस्पतींशी नातेच नाही. ते मांस, अंडी आणि दूध यांतूनच येते, म्हणून दूध-दही चुकवायचे नाही आणि वर्षातून एकदा तपासणी करायची. पहिल्या तपासणीत ते कमी निघाले, तीन महिने गोळ्या घ्याव्या लागल्या. विशेष म्हणजे नंतर हौसेने स्वतःची तपासणी केली तेव्हा माझेही कमीच निघाले आणि घरात दोन दिवस त्यावरून हसू झाले.

एवढे कळल्यावर भीती गेली, पण रविवार तसाच राहिला होता. आमच्या बोलण्यात एक शब्द आहे, "साधं". पाहुणा आला आणि मटण-कोंबडी नसेल तर आपण ओशाळून म्हणतो, "आज साधंच आहे बरं का." लेकीने एकदा विचारले, "म्हणजे मी रोज जेवते ते साधं, आणि तुम्ही रविवारी जेवता ते काय?" मला त्याला विरुद्ध शब्द सुचला नाही. पण तिला काय हवे होते ते समजले. तिला डाळ-भाकरीचा कंटाळा नव्हता. रविवारी सगळ्यांसाठी जो घाट घातला जातो, तो आपल्यासाठीही कोणीतरी घालावा असे तिला वाटत होते.

मला एकच पदार्थ येत होता, म्हणून मी त्याच्याच आत शोधायला लागलो. खान्देशी मटणाचा जीव मटणात किती आणि काळ्या मसाल्यात किती, हे मी त्याआधी कधी पाहिलेच नव्हते. आई अजूनही मागच्या अंगणातल्या चुलीच्या निखाऱ्यात कांदे पुरते. वरची साल कोळसा होते, आतला गर मऊ, गोडसर आणि धुराचा वास घेतलेला निघतो. सुक्या खोबऱ्याची वाटी थेट विस्तवावर धरली की तिचे तेल चुरचुरत पेटते. ती काळी झाली पाहिजे पण जळता कामा नये, आणि यांतली रेघ इतकी बारीक असते की ती आईच्या नाकाला कळते, माझ्या घड्याळाला नाही. मग धणे, खसखस, दगडफूल, मसाला वेलची, लवंग, मिरे, दालचिनी, तमालपत्र, नंदुरबारची लाल मिरची, आले, लसूण आणि मूठभर कोथिंबीर. हे वाटण तेलात परतत राहायचे, कडेने तेल सुटेपर्यंत. तोपर्यंत पातेल्यात मटणाचा तुकडाही पडलेला नसतो, पण वास संपूर्ण गल्लीला गेलेला असतो आणि जो तो म्हणतो की यांच्याकडे आज मटण आहे. लेक त्या वासाने कधीच उठून गेली नव्हती. तिला तो आवडत होता. रविवारी ती दाराशी येऊन उभी राहत असे आणि फोडी पातेल्यात पडल्या की निघून जात असे. हे मी इतके महिने पाहत होतो आणि त्याचा अर्थ लावत नव्हतो.

तेव्हा एका रविवारी मी वाटण परतून झाल्यावर त्याचे दोन भाग केले. एका पातेल्यात शिजलेले मटण आणि त्याचे अळणी पाणी; दुसऱ्यात नुसते गरम पाणी. आधी तिचे पातेले भरायचे, मग आमचे, हा क्रम मी त्याच दिवशी ठरवला, म्हणजे पळीचा प्रश्न निर्माणच होत नाही. मटणाची चरबी नसल्याने तिचा रस्सा पातळ झाला. त्याला थोडे डाळ्यांचे कूट लावले तेव्हा अंग आले. त्यात पाटोडी सोडायची होती, आणि पाटोडी मी आयुष्यात केली नव्हती, फक्त खाल्ली होती. फोडणीच्या उकळत्या पाण्यात बेसन वैरले, घाटले, ताटाला तेल लावून थापले आणि घाई झाली म्हणून गरम असतानाच वड्या पाडून रस्स्यात टाकून उकळत ठेवले. पाच मिनिटांत वड्या विरघळल्या आणि पातेल्यात काळ्या रंगाचे पिठले तयार झाले. धाकटा म्हणाला, "पप्पा, याला काय म्हणायचं?" लेकीने ते दोन वाट्या खाल्ले. चांगले झाले होते म्हणून नव्हे, हे मला कळत होते.

पुढच्या वेळी आई चुलीपासून मला शिकवायला बसली. बेसनाच्या दुपटीहून जास्त पाणी घ्यायचे नाही. गोळा कढईची कड सोडू लागला आणि ओले बोट लावले तरी चिकटला नाही की उतरवायचा. थापून पूर्ण गार होऊ द्यायचा, मग शंकरपाळ्यासारख्या वड्या कापायच्या आणि रस्स्यात त्या वाढतानाच घालायच्या. त्यानंतर मी डुबुकवडे शिकलो. त्यात उलट आहे: रस्सा खदखदत असला पाहिजे, नाहीतर हाताने सोडलेले पीठ तळाशी जाऊन पसरते. पीठ पडताना होणाऱ्या आवाजावरून त्याला हे नाव पडले असावे असे धाकट्याचे मत आहे आणि मला ते मान्य आहे. तुरीच्या भरड वाटलेल्या डाळीचे वाफवलेले फुणके आणि कढी हे तिचे सर्वांत आवडते जेवण निघाले. ते आई नेहमीच करत होती, पण कधी रविवारी केले नव्हते. शेवभाजी ही आळसाच्या रविवारची सोय आहे. शेव ताटात घेतल्यावर वरून रस्सा ओतायचा, एवढे एकच तिचे शास्त्र.

कारण मला कळले ते या सगळ्यानंतर, पहिल्या पावसाच्या सुमारास. आम्ही स्कूटरवरून नागलीचे, म्हणजे नाचणीचे, पीठ आणायला निघालो होतो. बाईंनी हाडासाठी नागली सांगितली होती. शंभर ग्रॅममध्ये साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते, दुधाहूनही जास्त. मी सहज म्हणालो की हात मोडला तेव्हा आपण एवढा पाया पाजला, त्याऐवजी नागली दिली असती तरी चालले असते. प्लास्टर होते ते सहा आठवडे आई तिला एक दिवसाआड पायाचे सूप देत होती. हाडाला हाड लागते, असे आमच्याकडे मानतात. मागे बसलेली लेक थोडा वेळ गप्प राहिली आणि मग माझ्या खांद्याशी येऊन म्हणाली, "पप्पा, एक्स-रे दाखवला होता ना त्यांनी, त्यात माझी नळी दिसत होती." मी स्कूटर बाजूला घेतली नाही, मागे वळूनही पाहिले नाही. एवढेच विचारले की मग तेव्हाच का बोलली नाही. ती म्हणाली, "तुम्ही मला मुद्दाम शोधून देत होता."

नातेवाईकांचे मी थोडक्यात सांगतो, कारण त्यांचे बोलणे सगळीकडे सारखेच असते. चैत्रात कोणाचे जावळ असते, कुठे नवसाचा बोकड असतो. तिथे मामा ताटात एक फोड टाकून "माझ्यासाठी" म्हणतो, आणि मामी विचारते की सासरी गेल्यावर काय करणार. दहावीतल्या मुलीला हा प्रश्न विचारण्याची घाई मला कळत नाही. गेल्या वर्षी साक्री तालुक्यातल्या आमच्या गावच्या जत्रेत तो पुन्हा विचारला गेला, तेव्हा उत्तर आईने दिले. सासरच्यांना आधी पाटोडी करता येते का ते विचारू, असे ती म्हणाली आणि पान लावू लागली. हिमोग्लोबिन आता ११.८ आहे. अजून बारा झालेले नाही. चहा अधूनमधून चालू आहे हे मला ठाऊक आहे.

नळी आता धाकट्याला देतो. तो ती आपटत नाही, चमच्यानेच काढतो. लेक पलीकडे बसून तिचा रस्सा भुरकते आणि पाहत नाही. मीही ती देताना पूर्वीसारखा गाजावाजा करत नाही.

गेल्या दिवाळीनंतरच्या रविवारी नाशिकहून भाऊ, वहिनी आणि त्यांची तीन मुले अचानक आली. मटण दीड किलो होते, ते पुरेल असे वाटले होते, पण प्रवासाने भूक वाढते. दुसऱ्या वाढपातच माझ्या पातेल्याचा तळ दिसू लागला. भावाने शेजारच्या पातेल्यावरचे झाकण उचलून वास घेतला, पळीभर रस्सा घेतला, दोन पाटोड्या घेतल्या. त्याच्या पाठोपाठ मुलांनी ताटे पुढे केली. मी कांदा चिरायला आत गेलो होतो. बाहेर आलो तेव्हा लेक हातात भाकरी घेऊन उभी होती आणि तिच्या पातेल्यात एक फुटकी वडी उरली होती. भाऊ म्हणाला, "अरे, आम्हांला वाटलं हे पण सगळ्यांचंच आहे." आई कोपऱ्यातून एवढ्या जोराने ओरडली की मुलांचे हात थांबले: "सगळं तुमीच खाशात, मंग पोर काय खाई?"

पावणेतीन वाजले होते. मी बेसनाचा डबा खाली काढला.